उसातला चौकोन

सेंगलाची भंतेकाकांवर एकच तक्रार होती आणि ती तिने कधी पोटात ठेवली नाही. गावात सगळ्यांच्या आधी चूल पेटायची ती तिची. सगळ्यांच्या आधी तिचा चिकट भात बांबूच्या टोपलीत वाफवून तयार व्हायचा. खांद्यावर पांढरं उपरणं टाकून, चपला काढून, ती सगळ्यांच्या आधी दारात उभी राहायची. आणि भंतेकाका भिक्षापात्र घेऊन यायचे ते समोरच्या चनपेंगच्या दारात. तिच्याकडून भाताचा गोळा घ्यायचे आणि सेंगलाकडे पाठ करून तिच्या घरालगतच्या चिंचेपाशी वळायचे. मग खालची आळी, मग ओढ्याकाठची घरं, मग शाळेची बाजू असा सगळा गाव उरकून परत त्याच गल्लीत यायचे आणि सर्वांत शेवटी सेंगलाच्या पुढे उभे राहायचे. मध्ये रस्ता केवढा, तर दोन सायकली शेजारून गेल्या तर हँडल अडकावं एवढा.

चनपेंगला हे रोजचं करमणुकीचं साधन होतं. ती आपलं दान उरकून ओट्यावर पाय पसरून बसायची आणि सेंगलाला निवांत न्याहाळायची. तुझ्याकडे यायचं म्हणजे बिचाऱ्यांना आधी सगळ्या गावाचं पुण्य गोळा करून बळ आणावं लागत असेल, असं ती म्हणायची. सेंगला टोपलीवरचं फडकं घट्ट करायची आणि उत्तर द्यायची नाही, कारण तिच्या तोंडात चिरूट असायचा.

हा चिरूट पेटलेला नसायचा. आरोग्य केंद्रातल्या सुपान्नीने फार पूर्वी बजावलं होतं, की आज्जी, तंबाखूच्या धुरातूनही भातातला तोच विषारी धातू पोटात जातो, तुमच्या मूत्रपिंडांना आता ते परवडणारं नाही. सेंगलाने त्या दिवशी काडी ओढणं सोडलं, चिरूट सोडला नाही. तोच एक चिरूट ती आठवडाभर ओठांत धरून ठेवी आणि भिजून लगदा झाला की नवा काढी. धरलेलं सोडायचं हा तिचा स्वभावच नव्हता. तिने चाळीस वर्षं एक नवरा धरला, एक घर धरलं आणि मे-ताओ ओढ्याच्या पाण्यावर पिकणारं एक भाताचं बियाणं धरलं, जे तिच्या सासूच्या सासूने कुठल्याशा डोंगरावरून आणलं होतं. तो भात शिजला की वास गल्लीच्या टोकाला जायचा. डोंगरापलीकडच्या मे-रामातला दिलेली तिची धाकटी बहीण मुक्दा दर वेळी आपल्याकडचा तांदूळ भेट म्हणून आणायची. सेंगला तो बहिणीच्या देखत कोंबड्यांना टाकायची आणि म्हणायची, तुमच्या त्या भिकार मातीत बाई दुसरं काय उगवणार.

मग एक दिवस शहरातून माणसं आली. त्यांनी ओढ्यातला गाळ, शेतातली माती आणि कणग्यांतला तांदूळ छोट्या पिशव्यांत भरून नेला. पुढे सांगण्यात आलं, की वरच्या डोंगरात जस्त निघतं, त्याच्या सोबतीने कॅडमियम नावाचा धातू असतो, तो ओढ्यातून शेतात आणि शेतातून भातात उतरलाय. त्या वर्षीचा सगळा तांदूळ सरकारने विकत घेतला आणि जाळला. ट्रक भरून चालले तेव्हा सेंगलाचा नवरा इनता बांधावर बसून होता. तो ओरडला नाही, रडला नाही. संध्याकाळी मात्र ताटातल्या बाजारच्या भाताचा गोळा बोटांत फिरवत बसला आणि म्हणाला, यात काही नाही, धातू नाही आणि भातही नाही. वर्ष फिरायच्या आत तो हृदयाच्या झटक्याने गेला. जाण्याआधी दवाखान्यातल्या खाटेवर त्याने बायकोला एवढंच सांगितलं, की तिकडे गेल्यावर मला बाजारचा भात घालू नकोस. तो हसत म्हणाला होता. सेंगलाने ते हसण्यावारी नेलं नाही.

आता आमच्याकडे मेलेल्या माणसाला जेवण पोचवायची रीत साधी आहे. भिक्खूच्या पात्रात घास घालायचा, तो आशीर्वादाची गाथा म्हणत असताना लहान तांब्यातून जमिनीवर पाण्याची धार धरायची आणि मनात त्या माणसाचं नाव घ्यायचं. पाणी मुरलं की घास पोचला. मधला भिक्खू हा सेंगलाच्या लेखी पोस्टमन होता. पोस्टमनने पाकीट उघडून आतलं वाचलं, तरी पत्र काही त्याचं होत नाही.

सरकारने भात बंद करून ऊस लावायला सांगितला, तसा तिनेही लावला. गोड गवत, असं त्याला नाव ठेवून लावला. पण शेताच्या मधोमध, जिथे पाटाचं पाणी आपसूक पोचतं, तिथे तिने अंगणाएवढा एक चौकोन रिकामा सोडला. ऊस डोक्याच्या वर गेला की चारी बाजूंनी हिरवी भिंत उभी राहायची आणि आत, कुणाच्या नजरेला न पडता, सासूच्या सासूचं भात डुलायचं. इनताचा रोजचा घास तिथून यायचा. ती स्वतः त्यातला कण खायची नाही. बाजारच्या पोत्यातला भात नाक मुरडत गिळायची आणि सुपान्नीला छातीठोकपणे सांगायची, की माझ्या पोटात आता तुझा धातू जात नाही. ते खरंच होतं. मेलेल्या माणसाला मूत्रपिंड नसतं, त्यामुळे तिकडची काळजी नव्हती. हा हिशेब तिने एकटीने, कुणाला न विचारता, पक्का करून टाकला होता.

एका वर्षी पावसाळा सरताना तपासणी आली. दर काही वर्षांनी येते. विहाराच्या मंडपात टेबल मांडतात आणि प्रत्येकाने घरून सकाळची लघवी झाकणाच्या बाटलीतून न्यायची असते. आमच्या बायकांना विहारात उघड्या हाताने काही न्यायची सवय नाही. त्यामुळे त्या सगळ्या दानाच्याच नक्षीदार वाट्यांत, वर फुलं ठेवून, बाटल्या घेऊन निघाल्या. सुपान्नीने दोनदा फुलं बाजूला करून बाटली काढली आणि तिसऱ्यांदा बाटली समजून कुणीतरी बुद्धासाठी आणलेला सरबताचा पेला उचलला. भंतेकाकांनीही बाटली दिली. ते सत्तरीचे. याच गावातले, इनताचे लहानपणचे सवंगडी. दोघांनी मिळून सेंगलाच्या सासऱ्याच्या शेतात खेकडे पकडले होते आणि बांध फोडल्याबद्दल मारही खाल्ला होता. पुढे एकाने लग्न केलं आणि एकाने मुंडण.

सेंगलाने आपली बाटली टेबलावर ठेवताना ती जरा पुढे सरकवली, सगळ्यांना दिसेल अशी. चनपेंग म्हणाली, एवढा तोरा तर लोक लेकीच्या लग्नातही करत नाहीत.

भात निसवून दाणा पिकत आला तेव्हा निकाल सांगायला सुपान्नी पुन्हा मंडपात आली. बायका चटईवर, पुरुष मागे खांबांना टेकून, भंतेकाका आपल्या उंच आसनावर. सुपान्नी ही शेजारच्याच गावची. तिला आमच्या लोकांशी कसं बोलायचं ते ठाऊक होतं. कुणाचा आकडा किती हे ती एकेकाच्या कानात सांगणार होती, पण आधी सगळ्यांना मिळून तिने पोटात काय चालतं ते सांगितलं. कुणीतरी विचारलंच होतं, की भात सोडून एवढी वर्षं झाली, मग अजून लघवीत तो धातू येतोच कसा.

ती म्हणाली, की शरीरात एक प्रथिन असतं. त्याचं नाव लांबलचक आहे, ते राहू दे. त्याचं काम एकच, धातू दिसला की पकडून धरायचा. कॅडमियम पोटातून यकृतात गेला, की यकृत हे प्रथिन भराभर बनवतं. ते धातूला असं कवटाळतं, की धातूला इकडेतिकडे उपद्रव करता येत नाही. इथवर चांगलं. पण ही जोडी रक्तातून हळूहळू मूत्रपिंडात जाते. तिथे प्रथिन मोडतं, धातू सुटतो, मूत्रपिंड घाईघाईने स्वतःचं नवं प्रथिन बनवून त्याला पुन्हा धरतं. असं धरून धरून धातू तिथे वीस-तीस वर्षं बसून राहतो. नवा धातू येत राहिला, तर एक दिवस धरणारे कमी पडतात. मग मोकळा धातू मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या खराब करतो. चांगलं मूत्रपिंड जी कामाची लहान प्रथिनं गाळून परत रक्तात घेतं, ती खराब मूत्रपिंडातून लघवीवाटे वाहून जायला लागतात. मागोमाग हाडांची ताकदही जाते.

सगळ्या बायका आता सेंगलाकडे बघत होत्या. चनपेंगने तिला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस ना? तुझं प्रथिन आहे ते. धरलं की सोडत नाही."

मंडप हसला. सेंगलाही हसली. तिने तोंडातला चिरूट काढून तो सगळ्यांना दाखवला आणि परत ओठांत धरला.

मग सुपान्नीने एकेकाला पुढे बोलावलं. सेंगलाचा आकडा मागच्या वेळेपेक्षा तसूभर खाली होता. बहुतेकींचा तसाच. धातू होता, पण वाढत नव्हता. सेंगला परत येऊन मांडी घालून बसली ती जणू तिने एकटीने गाव वाचवलं होतं. शेवटी सुपान्नी भंतेकाकांच्या आसनापाशी गेली, गुडघे टेकून बसली आणि हळू आवाजात काही बोलू लागली. भंतेकाकांनी तिला थांबवलं.

"मोठ्याने सांग, पोरी. माझं काही खासगी नसतं. ह्यांच्याच अन्नावर वाढवलेला देह आहे."

सुपान्नी घुटमळली. मग तिने सांगितलं. गावात सगळ्यांचा धातू थांबला होता, एकट्या भंतेकाकांचा चढत होता. आणि जी लहान प्रथिनं लघवीत यायला नकोत, ती त्यांच्या लघवीत भरपूर येत होती. म्हणजे मूत्रपिंडाच्या नळ्या खराब व्हायला लागल्या होत्या. तिला काही कळत नव्हतं. काका चिरूट ओढत नाहीत, त्यांना शेत नाही, कणगी नाही, चूलसुद्धा नाही. पात्रात पडेल ते खातात आणि पात्रात तर बाजारचाच भात पडत असणार. तिने मंडपाकडे वळून विचारलं, की असंच ना, मावश्यांनो?

सेंगलाच्या कानात काहीतरी शिट्टीसारखं वाजायला लागलं. तिच्या डोळ्यांपुढे रोजचा पहाटेचा आपला हात आला, पात्राच्या तोंडावर, भाताचा मऊ गोळा सोडणारा. पोस्टमनलाही पोट असतं हे एवढ्या वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिला वाटलं, आता उठून सगळ्यांपुढे सांगून टाकावं. पण तिने आधी चोरून चनपेंगकडे पाहिलं. चनपेंग चटईचा एक धागा ओढत होती. पलीकडची खालच्या आळीतली बाई चटईच बघत होती. शाळेजवळची, ओढ्याकाठची, सगळ्यांना एकाएकी त्या चटईत फार रस निर्माण झाला होता.

भंतेकाका खाकरले.

"स्तूपाच्या टेकडीवर मी रोज झाडायला जातो," ते म्हणाले. "वरून सगळं शिवार दिसतं. ऊस असा दाट, हिरवागार. आणि प्रत्येकीच्या उसात मधोमध एक छोटा चौकोन, वेगळ्या हिरव्या रंगाचा. कापणीच्या सुमारास तर पिवळा. दरसाल बघतो. वरून अगदी चटईच्या विणीसारखं दिसतं. मला वाटायचं, ह्या एकमेकींना कधीतरी सांगतील."

मग मागच्या खांबापाशी एक म्हातारा फसकन हसला आणि त्याच्या बायकोने वळून त्याच्याकडे पाहिल्यावर खोकू लागला. हळूहळू खरं बाहेर पडलं. प्रत्येकीला वाटत होतं, चौकोन आपला एकटीचाच. प्रत्येकीचा कुणी ना कुणी तिकडे गेलेला होता, कुणाचा बाप, कुणाची थोरली बहीण, आणि प्रत्येकीने स्वतः बाजारचं खाऊन घरचं पात्रात घातलं होतं. एक घास, त्याने काय होतंय. गावातले सगळे एकेक घास ज्या एकाच पोटात जात होते, ते समोर आसनावर बसलं होतं आणि हसत होतं. चनपेंगचा चौकोन तर सेंगलापेक्षा दीडपट निघाला. तो तिने सासऱ्यासाठी ठेवला होता, ज्याच्याशी ती हयातभर भांडली.

सुपान्नी मात्र हसली नाही. तिने आधी डोळे पुसले, मग सगळ्यांना झाडलं. वयाने तिच्या दुप्पट असलेल्या बायका मान खाली घालून ऐकत राहिल्या. तिने सांगितलं, की जे नुकसान झालंय ते भरून येणार नाही. पण आजपासून थांबलं तर इथेच थांबेल, काका अजून पुष्कळ वर्षं टेकडी झाडतील. थांबलं नाही, तर मात्र ती जबाबदारी घेणार नाही.

लोक उठून गेल्यावर सेंगला मागे राहिली. ती आसनापुढे आली, तीनदा माथा टेकला आणि तिसऱ्यांदा तो वर उचललाच नाही. चटईवर कपाळ तसंच ठेवून तिने विचारलं, की तुम्हाला चवीवरून कळत होतं ना. मग बोलला का नाहीत?

"हे नको, ते घाला, असं भिक्खूने म्हणायचं नसतं," भंतेकाका म्हणाले. मग म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर, नियम नसता तरी बोललो नसतो. त्या भाताचा मला मोह होता, सेंगला. इनताबरोबर तुझ्या सासूच्या चुलीपाशी बसून खायचो तोच तो. बाकीच्यांचे चौकोन चौकोनच. तुझ्या भाताची गोष्ट वेगळी."

"वेगळी होती, तर रोज मला शेवटी का टाकत होतात?" तिच्या तोंडून निघून गेलं. एवढ्या दुःखातही ते निघून गेलं.

भंतेकाकांनी पात्राकडे बोट दाखवलं. ते लाखेचं जुनं पात्र त्यांच्या शेजारी पालथं घातलेलं होतं.

"शेवटी पडतं ते सगळ्यात वर राहतं. वरचं गरम असतं. आणि जेवायला बसल्यावर पहिला हात वरच्यालाच लागतो."

सेंगला घरी आली ती चिंचेखाली बसून मनसोक्त रडली. चनपेंग समोरच्या ओट्यावरून उठून आली आणि शेजारी बसली. थोड्या वेळाने सेंगलाला रडता रडताच हसू फुटलं. तिने चनपेंगला सांगितलं, की मी पहिली होते गं, इतकी वर्षं मीच पहिली होते. चनपेंगने नाक उडवलं.

दुसऱ्या दिवशी सेंगला कोयता घेऊन उसात शिरली. भात पिवळं होऊन झुकलं होतं. तिने चांगल्या ओंब्या निवडून बियाण्यापुरती एक जुडी बाजूला ठेवली. उरलेलं कोंबड्यांनाही घालायचं नाही, असं सुपान्नीने सांगितलं होतं, कारण तो धातू कोंबडीत उतरतो आणि कोंबडी माणसात. सेंगलाने सगळं कापून मधोमध रचलं आणि काडी लावली. सरकारने भात जाळला तेव्हा तिने सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता स्वतः पेटवताना तिला शिवी द्यायला कुणी सापडेना. धूर उसाच्या वर चढला आणि थोड्या वेळाने शिवारात इथे एक, तिथे एक असे आणखी धूर दिसू लागले. टेकडीवरून भंतेकाकांनाही ते दिसले असतील.

त्यानंतरच्या सकाळी सेंगलाने बाजारचा भात पात्रात घातला. पाण्याची धार धरली, पण इनताचं नाव घेताना तिची जीभ अडखळली. त्याने एकच गोष्ट मागितली होती. भंतेकाकांनी त्या दिवसापासून वाट बदलली. चनपेंगचं दार झालं, की समोर सेंगलाचं, मग पुढे चिंचेपाशी वळण. म्हणजे आता तिचा नंबर दुसरा. इतकी वर्षं जी गोष्ट ती मागत होती ती मिळाली, आणि रोज सकाळी ती मिळताना तिला नकोशी व्हायची. चनपेंगनेही चिडवणं बंद केलं, यावरून काय ते समजा.

असा महिना काढल्यावर सेंगलाने ती जुडी फडक्यात बांधली आणि मे-रामातची गाडी पकडली. मुक्दाचं शेत वेगळ्या ओढ्यावर होतं, डोंगराच्या पार दुसऱ्या अंगाला. सेंगलाने आधीच सुपान्नीच्या मागे लागून तिथली माती आणि पाणी तपासून घेतलं होतं. दोन्ही स्वच्छ निघालं. अवघड होतं ते पुढचंच. ती बहिणीच्या ओट्यावर बसली, चहा प्याली, नातवंडांची चौकशी केली, कोंबड्यांची केली, जावयाच्या गुडघ्याचीही केली. शेवटी फडकं सोडून जुडी पुढे ठेवली. मुक्दाने ती ओळखली. तीही सेंगलाच्या सासूच्या हातचं खाऊन गेलेली होती.

"आमच्या भिकार मातीत?" ती म्हणाली.

सेंगलाने चिरूट तोंडातून काढला, ओट्याच्या कडेवर ठेवला आणि म्हणाली, "माती भिकार नाही. तोंड भिकार आहे माझं."

मुक्दाने असं वाक्य ऐकण्यासाठी सबंध जन्म वाट पाहिली होती, तरी तिने ते फार ताणलं नाही. फक्त पुन्हा एकदा म्हणायला लावलं, कारण जावई आत होता आणि त्याला नीट ऐकू गेलं नव्हतं.

पुढचं वर्ष सेंगलाने निम्मं गाडीतच घालवलं. लावणीला गेली, निंदणीला गेली, दाणा भरताना पाखरं हाकायला गेली. मुक्दाला तिने इतकं शिकवलं, की मुक्दाने एकदा तिला बांधावरून हाकललं. कापणी झाली. सुपान्नीने तांदळाची पिशवी तपासायला पाठवली आणि तीही स्वच्छ आली. तेव्हा सेंगलाने सगळ्यांना दम भरला, की भंतेकाकांना यातलं चकार अक्षर सांगायचं नाही. तिला भलतीच धास्ती होती. आयुष्यभर ती म्हणत आली होती, की चव आमच्या मातीची. आता माती गेली. बियाण्यात काही उरलंय की नाही, हे सांगू शकणारं जिवंत तोंड एकच होतं, आणि सांगितलं म्हणून ते हो म्हणालं असतं तर त्याला काही अर्थ नव्हता.

नव्या भाताच्या दानाची पौर्णिमा आली. त्या पहाटे तिने मे-रामातचा तांदूळ टोपलीत वाफवला. वास गल्लीच्या टोकाला गेला की नाही हे तिला कळेना, कारण तिचं नाक भीतीने बंद झालं होतं. भंतेकाका आले. चनपेंगचं झालं, तिच्यापुढे उभे राहिले. तिने गोळा पात्रात सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. गाथा म्हटली आणि पुढच्या दाराकडे गेले. तिचा घास तळाशी, त्यावर सगळा गाव पडणार होता.

तो दिवस तिला गेला नाही. दुपारी ती टेकडीवर जाऊन आली. शिवारात नुसता ऊस होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही चौकोन नव्हता. संध्याकाळी चनपेंगने विचारलं, की काय म्हणाले काका. सेंगला म्हणाली, भिक्खू जेवणाबद्दल बोलत नसतात, आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा उभी राहिली. उपरणं, टोपली, तांब्या, सगळं जागच्या जागी. भंतेकाका गल्लीत शिरले, चनपेंगच्या दारात थांबले, गोळा घेतला, गाथा म्हटली. सेंगलाने टोपलीचं फडकं उघडून घास हातात घेतला. भंतेकाकांनी तिच्याकडे पाठ केली आणि चिंचेपाशी वळले.

ते खालच्या आळीत दिसेनासे होईपर्यंत ती बघत राहिली. मग तिने घास परत टोपलीत ठेवला, टोपली फडक्यात नीट गुंडाळून छातीशी धरली आणि ऊब जाऊ नये म्हणून त्यावर उपरणंही टाकलं. समोर चनपेंग ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिचे डोळे भरले होते, पण संधी सोडणारी ती नव्हे.

"झालं," ती म्हणाली. "पुन्हा तुझा नंबर शेवटचा."

खालची आळी झाली, ओढ्याकाठ झाला, शाळेची बाजू झाली. ऊन पायरीवर आलं तेव्हा भंतेकाका परत गल्लीत शिरले आणि तिच्यापुढे येऊन उभे राहिले. पात्र काठोकाठ भरलं होतं. तिने आपला घास अगदी वर ठेवला, त्यातून अजून वाफ निघत होती. गाथा सुरू झाली. तिने चिंचेच्या मुळाशी पाण्याची धार धरली आणि या वेळी नाव घेताना तिची जीभ अडखळली नाही.

"जेव, इनता," ती म्हणाली. "घरचा आहे."